विश्लेषण : गृहप्रकल्प उभा राहतो, पायवाट कुठे जाते?

शहरालगतच्या गावात जमीन विकली जाते, भोवती निळे पत्रे उभे राहतात आणि वर्षानुवर्षे वापरातली वाट एका सकाळी बंद होते. घरे हवीत, यात वाद नाही. पण ती वाट कोणाची होती, ती वळवण्याचा अधिकार कोणाला आणि वळवायचीच तर कशी, या प्रश्नांची उत्तरे महाराष्ट्रात वेगवेगळ्या कायद्यांत आणि वेगवेगळ्या कार्यालयांत विखुरलेली आहेत. ती एकत्र मांडण्याचा आणि काय बदलायला हवे हे सांगण्याचा हा प्रयत्न.

नेमके काय घडते?

पुण्याच्या पश्चिमेला माझ्या बहिणीचे सासर आहे. गावठाणापासून थोड्या अंतरावर त्यांची वाडी. वाडीतून जिल्हा परिषदेच्या शाळेकडे आणि एसटीच्या थांब्याकडे जाणारी पायवाट एका मोठ्या माळरानातून तिरपी जात असे. सात-आठ मिनिटांचे अंतर. शाळेची मुले, दूध घालायला जाणारे, मजुरीला निघालेल्या बाया, सगळे त्याच वाटेने. माळाचा मालक वेगळा होता, पण त्याने कधी कोणाला अडवले नाही आणि कोणी त्याला कधी विचारलेही नाही.

माळ विकला गेला. आधी पत्रे आले, त्यात माणूस जाईल एवढी फट ठेवली होती. काही महिन्यांनी फटीच्या जागी लोखंडी दार आले, दारावर वॉचमन आला आणि पावसाळा संपता संपता दाराला कुलूप लागले. आता मुले मुख्य रस्त्याने जातात. त्या रस्त्याला पदपथ नाही आणि खडीचे डंपर त्याच रस्त्याने प्रकल्पावर येतात.

ग्रामसभेत विषय निघाला तेव्हा गावच्या कारभाऱ्यांचे उत्तर होते, 'ती वाट सातबाऱ्यावर नाही.' प्रकल्पाच्या माणसाचे उत्तर होते, 'आमच्या मंजूर नकाशात वाट नाही. असती तर ठेवली असती.' दोघेही खोटे बोलत नव्हते. या विषयाची खरी गाठ इथेच आहे. वाट जमिनीवर असते आणि लोकांच्या पायांत असते, पण घरांना परवानगी ज्या कागदांवर मिळते त्या कागदांवर ती नसते.

पायवाट म्हणजे नेमकी कोणाची?

'वाट' हा शब्द एकच असला तरी कायद्याच्या दृष्टीने वाटांचे प्रकार वेगळे आहेत आणि कोणता प्रकार यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

पहिला प्रकार गावनकाशावरच्या वाटेचा. इंग्रजी अमदानीत, १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यापासून मुंबई इलाख्यात जमिनीच्या पाहणीची नवी पद्धत सुरू झाली आणि पुढे गावोगावचे नकाशे तयार झाले. त्या नकाशांवर रस्ते वेगवेगळ्या रेषांनी दाखवले आहेत. तुटक दुहेरी रेष म्हणजे गाडीमार्ग, त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. तुटक एकेरी रेष म्हणजे पायमार्ग, त्याची रुंदी सव्वाआठ फूट. दोन गावांच्या हद्दीवरून जाणारा तो शिवरस्ता. नोव्हेंबर २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना आली, तेव्हाही रस्त्यांची हीच वर्गवारी आधाराला घेतली गेली.

दुसरा प्रकार बांधावरच्या वाटेचा. शेतात जायला दुसरा रस्ता नसलेला शेतकरी शेजाऱ्याच्या बांधावरून जातो, किंवा तसा रस्ता तहसीलदाराकडे मागतो.

तिसरा प्रकार वहिवाटीचा. नकाशावर रेष नाही, तहसीलदाराचा आदेश नाही, पण लोक वर्षानुवर्षे जात आले आहेत. अशा वाटा सर्वांत जास्त वापरातल्या असतात आणि सर्वांत आधी त्याच बंद होतात.

सव्वाआठ फूट हा आकडाही लक्षात ठेवण्याजोगा आहे. आपल्याकडची मोजणीची साखळी तेहतीस फुटांची, आणि ३३ बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा. पायमार्ग साखळीच्या बरोबर पाव रुंदीचा. म्हणजे १३२ फूट लांबीच्या पायमार्गाखाली एक गुंठा जमीन जाते. शेतीच्या भावाने त्याचे कोणाला काही वाटत नव्हते. जमीन चौरस फुटाने विकली जाऊ लागली, तेव्हा त्याच गुंठ्याचे १,०८९ चौरस फूट दिसू लागले.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २० नुसार जे सार्वजनिक रस्ते, गल्ल्या आणि वाटा कोणाच्या मालकीच्या नाहीत, त्या राज्य शासनाच्या मालकीच्या आहेत. म्हणजे अशी वाट विकत घेतलेल्या जमिनीतून जाताना दिसली तरी ती जमिनीबरोबर विकली जात नाही. कलम २१ नुसार एखादा सार्वजनिक रस्ता किंवा वाट लोकांना लागत नसेल, तर तिच्यावरचे हक्क संपवता येतात. पण हा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा आहे. त्यासाठी अधिसूचना काढावी लागते, जागेवर जाहीर सूचना द्यावी लागते, हरकती मागवून ऐकाव्या लागतात. पत्रे ठोकून कलम २१ चे काम होत नाही.

कलम १४३ तहसीलदाराला दुसऱ्याच्या हद्दीवरून, म्हणजे बांधावरून, रस्ता देण्याचा अधिकार देते. त्यात शेतकऱ्याची गरज पाहायची असते. तहसीलदाराचा निर्णय मान्य नसेल तर अपील किंवा एक वर्षाच्या आत दिवाणी दावा करता येतो. मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली शेतीकडे, चराईकडे किंवा विहिरीकडे जाणारी वहिवाटीची वाट कोणी अडवली, तर तहसीलदार अडथळा दूर करू शकतो. मात्र अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो.

भारतीय सुखाधिकार अधिनियम, १८८२ नुसार वीस वर्षे उघडपणे, शांततेने, खंड न पडता आणि हक्क म्हणून वापरलेल्या वाटेवर हक्क तयार होतो. त्यासाठी दिवाणी न्यायालयात जावे लागते. ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५३ खाली सार्वजनिक रस्त्यावरचे अडथळे आणि अतिक्रमण काढण्याचा अधिकार ग्रामपंचायतीलाही आहे.

म्हणजे कायदे कमी नाहीत. पाच दारे आहेत. कोणत्या दाराने जायचे हे गावात कोणाला ठाऊक नाही आणि ते सांगणारा फलक कुठल्याही कार्यालयात लावलेला नाही.

मग अडचण कुठे आहे?

पहिली अडचण कलमांच्या शब्दांतच आहे. कलम १४३ आणि मामलतदार न्यायालयाचा कायदा हे शेतीसाठी केलेले आहेत. ज्याची शेजारी जमीन आहे, ज्याला शेतात जायचे आहे, त्याच्यासाठी. वाडीतल्या भूमिहीन बाईला कामावर जायचे आहे, मुलाला शाळेत जायचे आहे, म्हाताऱ्या माणसाला देवळात जायचे आहे, यांची गरज त्या कलमांत बसत नाही. शहराच्या कडेच्या गावात मात्र वाट वापरणाऱ्यांत हीच माणसे जास्त असतात.

दुसरी अडचण नोंदीची. सातबारा हा जमीन कोणाकडे आहे आणि तिच्यावर काय पिकते हे सांगणारा उतारा आहे. वाट त्यात आपोआप येत नाही. त्यात १९४७ च्या कायद्याखाली एकत्रीकरण झाले, सर्व्हे नंबरांचे गट झाले, जुने बांध मोडले आणि जुन्या नकाशावरची तुटक रेष नव्या गटाच्या कोणत्या भागातून जाते हे कोणी फारसे पाहिले नाही. मे २०२५ मध्ये शासनाने शेतरस्ते किमान तीन ते चार मीटर रुंद असावेत आणि त्यांची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत घ्यावी असे ठरवले. हे चांगले पाऊल आहे. पण तेही शेतरस्त्यांपुरते आहे आणि ट्रॅक्टरची गरज डोळ्यापुढे ठेवून आहे. पायी चालणाऱ्याची वाट त्यातही कडेलाच राहिली.

तिसरी अडचण सर्वांत मोठी. घरांच्या परवानगीची साखळी आणि वाटेच्या हक्काची साखळी एकमेकींना भेटत नाहीत. बांधकामाचा नकाशा नियोजन प्राधिकरण मंजूर करते. त्यासाठी सातबारा, मोजणीचा नकाशा, मालकीचे कागद आणि पोहोच रस्ता पाहिला जातो. पोहोच रस्ता म्हणजे प्रकल्पाकडे येणारा रस्ता. प्रकल्पातून पलीकडे जाणारी लोकांची वाट हा प्रश्न अर्जात विचारलेलाच नसतो. पूर्वी शेतजमीन अकृषिक करताना तलाठी आणि मंडळ अधिकारी यांच्या स्थळपाहणीत निदान ती वाट डोळ्यांना दिसण्याची शक्यता होती. गेल्या दशकात महसूल अधिनियमात कलम ४२ नंतर जी नवी कलमे आली, त्यांनी विकास आराखड्यातल्या आणि गावठाणाजवळच्या बऱ्याच जमिनींना वेगळ्या अकृषिक परवानगीतून मोकळे केले. हेलपाटे वाचले हे चांगलेच झाले. पण एक तपासणी गेली आणि तिच्या जागी दुसरी आली नाही.

पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे समाविष्ट झाली. गाव महापालिकेत गेले की ग्रामपंचायत जाते, ग्रामसभा जाते. वाटेबद्दल तोंडी साक्ष देणारी, 'इथून आमचे आजे-पणजे जात होते' हे सभेत उठून सांगणारी जागाच उरत नाही. बांधकामाचा जोर नेमका याच काळात असतो.

वाट वळवणे मुळातच चूक आहे का?

नाही. इथे दोन्ही बाजूंनी प्रामाणिक असले पाहिजे.

समजा, दहा एकरांचा चौकोनी भूखंड आहे. त्याची एक बाजू सुमारे २०० मीटर. कोपऱ्यातून कोपऱ्यात जाणारी तिरपी वाट सुमारे २८५ मीटर लांब. ती जशीच्या तशी ठेवायची तर भूखंडाचे दोन त्रिकोण होतात आणि इमारती, तळघरे, पाण्याच्या टाक्या यांची मांडणी अवघड होते. तीच वाट भूखंडाच्या कडेने नेली तर लांबी सुमारे ४०० मीटर होते. चालणाऱ्याला ११५ ते १२० मीटर जास्त पडतात, म्हणजे दीड मिनिट. एवढ्यासाठी शेकडो घरांची योजना अडवणे शहाणपणाचे नाही.

जमिनीचा हिशेब पाहा. सव्वाआठ फुटांची तिरपी वाट सुमारे सात गुंठे घेते. कडेची वाट दहा गुंठे, म्हणजे पाव एकर घेते. दहा एकरांतला पाव एकर म्हणजे अडीच टक्के. राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीनुसार एवढ्या भूखंडात दहा टक्के मोकळी जागा तशीही सोडावी लागते. वाट त्या दहा टक्क्यांत धरायची की वेगळी, यावर चर्चा होऊ शकते. पण मोकळ्या जागेच्या कडेने वाट नेण्यात अडचण प्रामुख्याने नकाशा काढणाऱ्याच्या लक्षात राहण्याची आहे. त्यात पैशाचा भाग थोडा आहे.

तेव्हा वाट दीड मिनिटाने लांबली म्हणून कोणी रस्त्यावर उतरत नाही. लोक चिडतात ते वाट वळवण्याच्या नावाखाली संपवली जाते म्हणून. 'मुख्य रस्त्याने जा' याला वाट वळवणे म्हणत नाहीत. सावलीतली, गाडी नसलेली, पोराला एकट्याने पाठवता येईल अशी वाट काढून घेऊन डंपरच्या रस्त्याची कड देणे हा बदल मीटरमध्ये मोजता येत नाही.

विकासक आणि रहिवासी काय म्हणतात?

विकासकांचे म्हणणे असे की जमीन घेताना शोध अहवाल काढला, सातबारा पाहिला, मोजणी केली. कोठेही वाट दिसली नाही. कर्ज झाले, नकाशा मंजूर झाला, सदनिकांची नोंदणी झाली आणि मग लोक वाट मागायला आले. हे म्हणणे सरसकट उडवून लावता येत नाही. जो हक्क सरकारी कागदावर दिसत नाही त्याची किंमत शेवटी कोणीतरी उशिरा मोजतो.

पण हेही खरे की जमीन घेणारा माणूस जागेवर येतो. मळलेली वाट त्याला दिसते. ज्या मातीत गवत उगवत नाही तिथून रोज माणसे जातात, हे कळायला सातबारा लागत नाही.

रहिवाशांची बाजू वेगळी. आयुष्याची पुंजी घालून घर घेतलेले, जाहिरातीत 'सुरक्षित संकुल' वाचलेले कुटुंब राहायला येते आणि आवारातून रोज अनोळखी माणसे जाताना पाहते. त्यांची भीती अवाजवी म्हणून सोडून देता येणार नाही. पण कालपर्यंत त्या वाटेने जाणारी बाई आज 'बाहेरची' ठरते आणि अनेकदा तीच बाई त्या संकुलात चार घरची कामे करते, हेही डोळ्याआड करता येत नाही. तिला कामाला यायला वॉचमनची वही आहे, घरी जायला मात्र वळसा आहे.

म्हणूनच हा प्रश्न रहिवासी येण्याआधी सुटला पाहिजे. ताबा दिल्यानंतर तो दोन गरजू गटांमधले भांडण होतो आणि ज्याने नकाशा काढला तो तोपर्यंत पुढच्या प्रकल्पावर गेलेला असतो.

स्थावर संपदा कायदा, २०१६ इथे उपयोगी पडतो. प्रकल्पाची नोंदणी करताना प्रवर्तकाने जमिनीवर कोणताही बोजा नाही, किंवा असल्यास इतर कोणाच्याही हक्कांसह त्याचा तपशील काय, हे प्रतिज्ञेवर सांगायचे असते. गावनकाशावर तुटक रेष असेल किंवा वाटेबद्दल दावा चालू असेल, तर तो तपशील महारेराच्या संकेतस्थळावर दिसायला हवा. घर घेणाऱ्यालाही ते आधी कळले पाहिजे. त्याची फसवणूक आणि वाडीची गैरसोय यांचे मूळ एकच आहे.

इतरत्र काय करतात?

या बाबतीत इंग्लंडचे उदाहरण बोलके आहे. तिथे १९४९ च्या कायद्याने प्रत्येक भागाला सार्वजनिक पायवाटांचा अधिकृत नकाशा करणे बंधनकारक झाले. त्या नकाशावर असलेली वाट हा लोकांच्या हक्काचा निर्णायक पुरावा मानला जातो. जमीन खासगी असली तरी वाट लोकांची. या कायद्याआधी बराच संघर्ष झाला होता. १९३२ च्या एप्रिलमध्ये किंडर स्काऊट या डोंगरावर शेकडो श्रमिक तरुण मालकांची बंदी मोडून चढले आणि त्यातल्या काहींनी तुरुंगवास भोगला.

घरांसाठी वाट वळवायची तर तिथे १९९० च्या नगरनियोजन कायद्याचे कलम २५७ लागते. नियम साधे आहेत. बांधकामाला परवानगी मिळाली म्हणजे वाट हलवायला परवानगी मिळाली असे होत नाही. त्यासाठी वेगळा आदेश लागतो. मंजूर बांधकामासाठी वाट हलवणे खरोखर आवश्यक आहे हे दाखवावे लागते. वाटेच्या दोन्ही टोकांना सूचना लावली जाते, वर्तमानपत्रात जाहीर होते आणि हरकतींसाठी किमान २८ दिवस मिळतात. कोणी हरकत मागे घेतली नाही तर प्रकरण स्थानिक संस्थेच्या हातून निघून मंत्र्यांच्या वतीने नेमलेल्या निरीक्षकाकडे जाते. आदेश पक्का होईपर्यंत जुनी वाट मोकळी ठेवावी लागते. आधी बांधकाम जवळपास पूर्ण करायचे आणि मग आदेश मागायचा, हेही चालत नाही.

सरकारच्या मार्गदर्शक परिपत्रकात आणखी एक सूचना आहे. पर्यायी वाट शक्यतो वसाहतीच्या वाहनांच्या रस्त्यावरून नेऊ नये, झाडे आणि मोकळ्या जागेतून, गाड्यांपासून दूर न्यावी. लांबीपेक्षा वाटेचा अनुभव महत्त्वाचा, हे तिथे सरकारी कागदावर लिहिलेले आहे.

तिथेही सारे आलबेल नाही. वळवलेल्या वाटा कधी कधी दोन उंच कुंपणांमधल्या अंधाऱ्या बोळी होतात, असे चालणाऱ्यांचे गाऱ्हाणे असते. जुन्या अनेक वाटा अधिकृत नकाशावर यायच्या राहून गेल्या आणि त्यावरून आजही वाद आहेत. शिवाय त्यांची घनता, त्यांचे हवामान, त्यांची गावे वेगळी. त्यांचा कायदा उचलून इथे आणावा असे कोणी म्हणणार नाही. घेण्याजोगी गोष्ट एवढीच की वाट हलवणे हा तिथे स्वतंत्र निर्णय आहे. तो कोणीतरी सही करून घेतो आणि त्याची कारणे देतो. आपल्याकडे ती बहुतेक वेळा कोणीच न घेतलेल्या निर्णयाने बंद होते.

आपल्याकडे काय बदलायला हवे?

नवा कायदा न करताही बरेच करता येईल.

पहिले म्हणजे बांधकाम नकाशाच्या अर्जात एक रकाना हवा : 'भूखंडातून किंवा कडेने गावनकाशावरचा अथवा वापरातला रस्ता, पाणंद, पायवाट जाते का?' त्यासोबत गावनकाशाची प्रमाणित प्रत आणि जागेवरची छायाचित्रे. खोटी माहिती दिल्यास परवानगी रद्द करण्याची अट.

दुसरे, मोजणी करताना भूमापकाने जागेवर दिसणारी वाट मोजणी नकाशावर दाखवलीच पाहिजे. हक्क कोणाचा हे तो ठरवणार नाही. पण दिसलेली गोष्ट नोंदवणे हे त्याचे कामच आहे.

तिसरे, वाट असेल तर नियोजन प्राधिकरणाने मंजुरीआधी भूखंडावर आणि वाटेच्या दोन्ही टोकांना मराठीत फलक लावून तीस दिवस हरकती घ्याव्यात. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातली जाहिरात वाडीपर्यंत पोहोचत नाही. वाटेवरचा फलक पोहोचतो, कारण ज्याला हरकत घ्यायची तो रोज तिथून जातो.

चौथे, नवी वाट आधी, जुनी बंद नंतर. पर्यायी वाट बांधून, दिवे लावून, पावसाळ्यात चिखल होणार नाही अशी करून खुली झाल्याशिवाय जुन्या वाटेवर पत्रा लागू नये. बांधकाम चालू असताना तात्पुरती वाट हवी. वीस मजले चढवताना जो सुरक्षित मजला-मार्ग कामगारांसाठी करता येतो, तो खाली शाळेच्या मुलांसाठी करता न येण्याचे कारण नाही.

पाचवे, वळवलेली वाट मंजूर नकाशावर, सातबाऱ्याच्या इतर हक्कांत किंवा मिळकतपत्रिकेवर आणि सदनिकेच्या करारनाम्यात यावी. म्हणजे पुढे सोसायटीची समिती बदलली तरी दाराला कुलूप लावता येणार नाही. वाट कुंपणाच्या आतून न नेता दोन कुंपणांच्या बाहेरून, पण मोकळी आणि दिव्याची ठेवली, तर रहिवाशांच्या सुरक्षिततेचाही प्रश्न उरत नाही.

सहावे, कलम १४३ मध्ये शेतकऱ्याच्या गरजेबरोबर शाळा, दवाखाना, स्मशानभूमी, पाणवठा आणि बसथांबा यांच्याकडे जाणाऱ्या रहिवाशांची गरजही धरली जावी. हा एक बदल मात्र विधिमंडळानेच करायचा आहे.

यातून घरे महाग होतील का? दहा एकरांत पाव एकर आणि तीस दिवस, एवढी ही किंमत आहे. प्रकल्प अर्ध्यावर असताना येणाऱ्या स्थगितीची किंमत याहून कितीतरी जास्त असते, हे विकासकांना सांगायला नको.

आज वाट अडवली गेली तर काय करावे?

आधी गावनकाशाची प्रत काढावी. ती भूमि अभिलेख कार्यालयात मिळते. नकाशावर रेष असेल तर वाट सार्वजनिक म्हणून धरून ग्रामपंचायत किंवा महापालिका आणि तहसीलदार यांच्याकडे अडथळा काढण्याची मागणी करावी. रेष नसेल आणि वाट शेताकडे जात असेल, तर अडवल्याच्या दिवसापासून सहा महिन्यांच्या आत मामलतदार न्यायालयाच्या कायद्याखाली अर्ज करावा. दोन्ही नसेल तर वीस वर्षांच्या वापराचे पुरावे गोळा करावेत. जुनी छायाचित्रे, शाळेचे दाखले, म्हाताऱ्या माणसांची प्रतिज्ञापत्रे, ग्रामसभेचे ठराव. पत्रे लागण्याआधी मोबाइलवर काढलेला वाटेचा एक तारखेसह फोटो पुढे दहा साक्षीदारांचे काम करतो. आणि विकास आराखड्याचे किंवा नगररचना योजनेचे प्रारूप प्रसिद्ध झाले की आपली वाट त्यात आहे का हे पाहून मुदतीत लेखी हरकत द्यावी. ही संधी बहुतेक गावांत वायाच जाते.

बहिणीच्या सासऱ्यांना, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो, हे सारे उशिरा कळले. फट बुजल्यावर त्यांनी वाट पाहिली, मग ग्रामसभेत बोलले, मग कोणाच्या तरी ओळखीने अर्ज दिला. अर्ज मामलतदार न्यायालयाच्या कायद्याखाली होता आणि नववा महिना लागला होता. मुदतीबाहेर म्हणून तो निकाली निघाला. नंतर भूमि अभिलेखमधून गावनकाशाची प्रत आली. माळावरून तिरपी जाणारी तुटक एकेरी रेष तीत स्पष्ट होती. म्हणजे वाट सार्वजनिक म्हणूनच मागायला हवी होती. तिथे सहा महिन्यांचा प्रश्नच नव्हता. आबा चुकीच्या दाराशी उभे होते आणि बरोबर दार कोणते हे त्यांना कार्यालयातल्या कोणी सांगितले नाही.

आता नव्या अर्जाला नकाशा जोडला आहे. आबांची मागणी जुनी वाट जशीच्या तशी द्या अशी नाही. इमारतीचा पाया तिथे खोदून झाला आहे, हे त्यांना दिसते. 'कडेने द्या, पण द्या,' एवढेच त्यांनी अर्जाच्या शेवटी लिहायला लावले. घरे बांधणाऱ्या आणि घरांना परवानगी देणाऱ्या सगळ्यांना पुरेल एवढे धोरण त्या चार शब्दांत आहे.